गोल्फच्या हिरवळीला प्रक्रिया केलेले सांडपाणी: नाशिकच्या मातीत ते सुरक्षितपणे कसे वापरावे

नाशिकमध्ये ‘गोल्फ क्लब’ असे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान येते, आणि तिथे आता गोल्फ नव्हे तर क्रिकेट आणि पहाटेचे फिरणारे लोक दिसतात. हा लेख मात्र खरोखरच्या गोल्फ मैदानाविषयी, म्हणजे वीस-पंचवीस हेक्टर हिरवळ उन्हाळाभर जिवंत ठेवावी लागते अशा जागेविषयी आहे. मोठ्या गृहसंकुलाचे लॉन किंवा महाविद्यालयाचे क्रीडांगण सांभाळणाऱ्यांनाही यातील बहुतेक भाग जसाच्या तसा लागू पडेल.

पाण्याचा हिशेब आधी मांडू. उन्हाळ्यात हरळीवर्गीय गवताला दिवसाला साधारण साडेचार मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर २५ हेक्टरला रोज सव्वाअकरा लाख लिटर पाणी द्यावे लागते. गंगापूर धरणाच्या पाण्यावर शहर, शेती आणि उद्योग असे तिघे अवलंबून असताना एवढे पिण्यायोग्य पाणी खेळाच्या मैदानावर ओतणे समर्थनीय ठरत नाही. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक अशा ठिकाणच्या मलनिस्सारण केंद्रांतून बाहेर पडणारे पाणी, किंवा एखाद्या संकुलाच्या स्वतःच्या प्रकल्पातील पाणी, हा त्याला स्वाभाविक पर्याय आहे. अडचण अशी की या पाण्याची सुरक्षितता दोन वेगळ्या कसोट्यांवर तपासावी लागते आणि बहुतेक ठिकाणी एकच कसोटी लावली जाते. माणसाला अपाय होऊ नये ही पहिली कसोटी, तर जमीन चोपण, म्हणजे सोडियम साचून घट्ट आणि निचरा न होणारी, होऊ नये ही दुसरी. पहिल्या कसोटीत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेले पाणी दुसरीत सपशेल नापास होऊ शकते.

पहिली पायरी: पाणी कुठून येते ते शोधा

करार करण्यापूर्वी केंद्राकडून मागील किमान बारा महिन्यांचे तपासणी अहवाल मागून घ्यावेत. एकाच महिन्याचा अहवाल, विशेषतः पावसाळ्यातला, फसवा असतो, कारण तेव्हा गटारांत पावसाचे पाणी शिरून सर्वच आकडे सौम्य दिसतात. त्यानंतर तीन गोष्टी विचाराव्यात. त्या केंद्राकडे येणाऱ्या वाहिनीत कारखान्यांचे पाणी मिसळते का, हा पहिला प्रश्न. सातपूर आणि अंबडसारख्या औद्योगिक वसाहती असलेल्या शहरात तो औपचारिकता म्हणून विचारून चालत नाही, आणि शंका वाटल्यास जड धातूंची तपासणी वेगळी करून घ्यावी. दुसरा प्रश्न मूळ पुरवठ्याचा आहे. घरगुती वापरातून गेलेल्या पाण्यात मूळच्या क्षारांवर लिटरमागे साधारण १५० ते ३८० मिलिग्रॅमची भर पडते. त्यामुळे धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या वस्तीचे सांडपाणी आणि बोअरवेलच्या जड पाण्यावर, त्यातही मीठ घालून चालणाऱ्या सॉफ्टनरवर, अवलंबून असलेल्या संकुलाचे सांडपाणी यांत मोठा फरक पडतो. तिसरा प्रश्न प्रक्रियेच्या टप्प्याचा आहे. नदीत सोडण्यासाठी केलेली दुय्यम प्रक्रिया, म्हणजे जिवाणूंकरवी मैला कुजवून गाळ बसवणे, लोक वावरतात त्या हिरवळीसाठी पुरेशी नसते. तिच्यापुढे गाळण आणि निर्जंतुकीकरण हे तृतीय टप्पे हवेतच. ते केंद्रावर नसतील तर मैदानावर उभारावे लागतील, आणि तो खर्च सुरुवातीलाच मांडलेला बरा.

प्रक्रिया केलेल्या पाण्याचा वापर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात कसा नमूद आहे हेही याच वेळी पाहून घ्यावे. चंदीगडसारख्या शहरात उद्याने आणि हिरवळींसाठी तृतीय प्रक्रियेच्या पाण्याचे स्वतंत्र जाळे आहे. आपल्याकडे सध्या बहुतेकांना स्वतःची वाहिनी टाकावी लागेल किंवा टँकरवर भागवावे लागेल. टँकर वापरायचा झाल्यास तोच टँकर पिण्याच्या पाण्यासाठी कधीही जाणार नाही, हे लेखी ठरवून घ्यावे.

दुसरी पायरी: माणसासाठीची कसोटी

केंद्र सरकारच्या मलनिस्सारणविषयक २०१३ च्या नियमपुस्तिकेत बागबगीचे आणि गोल्फ मैदानासाठी प्रक्रिया केलेल्या पाण्याची शिफारस केलेली मानके दिली आहेत. त्यांनुसार गढूळपणा २ एनटीयूपेक्षा (गढूळपणा मोजण्याचे एकक) कमी, बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजायला लागणारा प्राणवायू) लिटरमागे १० मिलिग्रॅमपर्यंत, सामू ६.५ ते ८.३ आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म (मैल्याचा अंश दाखवणारे जिवाणू) शून्य असावेत. तुलनेसाठी सांगायचे तर कॅलिफोर्नियाच्या नियमांत सर्वांना खुल्या असलेल्या गोल्फ मैदानासाठी १०० मिलिलिटरमागे एकूण कोलिफॉर्मची सात दिवसांची मध्यक संख्या २.२ पर्यंत चालते, तर प्रवेश मर्यादित असलेल्या मैदानासाठी २३ पर्यंत. आपल्या मैदानाच्या कडेने गावातला रस्ता जात असेल, मुले चेंडू शोधायला आत येत असतील, तर फाटकावरची पाटी काहीही सांगो, ते मैदान खुले समजूनच मानक निवडावे.

गढूळपणाचा आकडा केवळ दिसण्यासाठी नसतो. गाळाच्या बारीक कणांच्या आड जंतू लपतात आणि क्लोरीन किंवा अतिनील किरण त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून पाणी गढूळ असताना क्लोरीनचा डोस वाढवत बसण्याऐवजी आधी गाळण दुरुस्त करावे. जंताची अंडी क्लोरीनला दाद देत नाहीत. ती गाळणीतच अडकावी लागतात. क्लोरीनला काम करायला वेळही द्यावा लागतो. पंपाच्या तोंडाशी डोस देऊन लगेच तुषार सुरू केले तर निर्जंतुकीकरण केवळ नावापुरते होते. क्लोरीनची मात्रा आणि संपर्काची मिनिटे यांचा गुणाकार पाहण्याची पद्धत आहे. वर उल्लेखिलेल्या खुल्या मैदानासाठी कॅलिफोर्निया हा गुणाकार ४५० आणि संपर्क किमान ९० मिनिटे मागते, म्हणजे संपर्क टाकीच्या शेवटी लिटरमागे ५ मिलिग्रॅम क्लोरीन नव्वद मिनिटांनी उरलेले असले पाहिजे. गवतासाठी मात्र ५ हा आकडा घातक आहे. तुषारातून पडताना उरलेले क्लोरीन १ च्या आसपास असावे, आणि मधला फरक साठवण तळ्यात आपोआप उतरतो.

नमुना घेण्याची जागा इथे निर्णायक ठरते. केंद्राच्या नळाशी घेतलेला नमुना केंद्राचे कौतुक करतो; आपल्याला हवा तो सर्वांत दूरच्या तुषार तोटीचा नमुना, कारण तळ्यात बगळे, बदके आणि शेवाळ यांनी पाणी पुन्हा दूषित केलेले असते. जंतू तपासणीची बाटली निर्जंतुक आणि थायोसल्फेट घातलेली असावी, नाहीतर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत बाटलीतले क्लोरीन जंतू मारत राहते आणि अहवाल खोटा चांगला येतो. नमुना बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावा.

तिसरी पायरी: मातीसाठीची कसोटी

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदाराला या भागात नवे काही सांगावे लागणार नाही. खारवट पाण्यामुळेच त्याने बागेला डॉगरिज या क्षार सोसणाऱ्या खुंटाची मुळे दिली आहेत आणि माती-पाण्याचा अहवाल तो आपल्यापेक्षा भराभर वाचतो. मैदानाच्या व्यवस्थापकाने संकोच न करता अशा एखाद्या जाणत्या शेजाऱ्यासमोर अहवाल ठेवावा.

समजा, अहवालात ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचे माप) १.१ डेसीसिमेन्स प्रति मीटर, सोडियम १३८, कॅल्शियम ५०, मॅग्नेशियम ३० मिलिग्रॅम आणि बायकार्बोनेट ६.५ मिलीइक्विव्हॅलंट (वेगवेगळ्या क्षारांची आपसांत तुलना करण्याचे एकक) प्रति लिटर असे आकडे आले. ईसीला ६४० ने गुणले की विरघळलेले क्षार सुमारे ७०० मिलिग्रॅम निघतात. सरकारी मानकात २१०० पर्यंत मुभा आहे, त्यामुळे हे पाणी कागदावर उत्कृष्ट ठरते. येथेच थांबू नये. २१०० म्हणजे ईसी जवळपास ३.३, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सिंचन निकषांत ३ च्या वर तीव्र मर्यादा सुरू होते. तेव्हा मानकाच्या कडेवर बसणारे पाणी सिंचनासाठी आधीच रेषेपलीकडे गेलेले असते.

आता सोडियमकडे वळू. सोडियमला २३ ने, कॅल्शियमला २० ने आणि मॅग्नेशियमला १२ ने भागले की मिलीइक्विव्हॅलंटमध्ये अनुक्रमे ६, २.५ आणि २.५ हे आकडे मिळतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या बेरजेच्या निम्म्याचे वर्गमूळ काढून त्याने सोडियमला भागले की एसएआर, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियमचे प्रमाण, ३.८ येतो. ईसी १.१ असताना एवढा एसएआर सौम्य ते मध्यम धोक्यात मोडतो. बायकार्बोनेटमधून कॅल्शियम-मॅग्नेशियमची बेरीज वजा केली की आरएससी, म्हणजे शिल्लक उरलेले बायकार्बोनेट, १.५ येतो, १.२५ पर्यंत सुरक्षित आणि २.५ च्या वर अयोग्य मानतात, म्हणजे हे पाणी मधल्या पट्ट्यात आहे. अशा पाण्यातले बायकार्बोनेट मातीतल्या कॅल्शियमला चुनखडीच्या रूपात बसवून टाकते आणि सोडियमला मोकळे रान मिळते. आपल्या चिकण, काळ्या जमिनीत त्याचा परिणाम ओळखीचा आहे: वाफसा येत नाही, वरचा थर पापुद्र्यासारखा बसतो, पाणी साचते आणि खाली मुळे तहानलेली राहतात.

नोव्हेंबर ते मेअखेर एकूण ७०० मिलिमीटर पाणी दिले असे धरले, तर वरच्या उदाहरणातले पाणी हेक्टरी जवळजवळ पाच टन क्षार आणून टाकते. हा आकडा मी मुद्दाम मांडतो आहे, कारण ‘पाणी स्वच्छ दिसते’ या समजुतीला दुसरा उतारा नाही.

चौथी पायरी: जमीन आणि गवत

मैदानाच्या प्रत्येक वेगळ्या भागात दोन-तीन फुटांचे खड्डे घेऊन खाली काय आहे ते पाहावे. नाशिकच्या परिसरात एकाच मैदानावर कुठे भारी काळी माती, कुठे हातभर मातीखाली मुरूम आणि कुठे सरळ खडक लागतो, आणि या तिन्हींची पाण्याची वागणूक निराळी असते. खड्ड्यात पाणी भरून ते किती वेळात जिरते याची नोंद करावी. जिथे दुसऱ्या दिवशीही पाणी उभे दिसते तिथे निचऱ्याचे पाइप टाकल्याशिवाय हे पाणी देऊ नये. क्षार धुऊन खाली नेणारी वाटच नसेल तर पुढचे सर्व उपाय व्यर्थ आहेत.

गवताच्या निवडीत आपले नशीब चांगले आहे. साधी हरळी मातीतला ईसी सुमारे ६.९ पर्यंत फारसे उत्पन्न न गमावता सोसते. हिरवळीच्या संकरित जाती ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, अगदी खाली कापल्या जातात, त्यामुळे तिथे मी ४ हीच मर्यादा धरून चालतो. क्षार धुण्यासाठी लागणाऱ्या जादा पाण्याचे सूत्र सोपे आहे: पाण्याच्या ईसीला, मातीच्या मर्यादेची पाचपट वजा पाण्याचा ईसी, या संख्येने भागावे. आपल्या उदाहरणात १.१ भागिले १८.९, म्हणजे जेमतेम सहा टक्के. तुषारांच्या असमान फवाऱ्यामुळे यापेक्षा कितीतरी अधिक फरक पडतो. तेव्हा जादा पाण्याचा विचार करण्याआधी मैदानावर ठिकठिकाणी रिकामे डबे मांडून कुठे किती पाणी पडते ते मोजावे आणि तोट्या नीट कराव्यात.

खरा धोका सोडियमचा असल्याने जिप्समला, म्हणजे सोडियमला हटवणारे कॅल्शियम देणाऱ्या खनिजाला, पर्याय नाही, आणि त्याची वेळ साधणे मात्रेइतकेच महत्त्वाचे आहे. पाऊस आला की क्षार धुऊन जातील, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. पावसाचे पाणी जवळजवळ क्षारमुक्त असते. सोडियमने भरलेल्या चिकणमातीवर ते पडले की मातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजतात, आणि उन्हाळाभर ठीक वाटणारी जमीन जूनच्या पहिल्या दोन जोरदार सरींतच चिखल धरून बसते. म्हणून जिप्सम मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, जमिनीला पोकळ दात्यांच्या यंत्राने भोके पाडून, टाकावे, म्हणजे पहिल्या सरींबरोबर कॅल्शियम आत जाईल. पाण्यातूनच कॅल्शियम वाढवायचे असेल तर दहा लाख लिटरमागे ८६ किलो शुद्ध जिप्सम विरघळवल्यास लिटरमागे एक मिलीइक्विव्हॅलंटची भर पडते. मातीत टाकायची मात्रा मात्र माती परीक्षणावरूनच ठरवावी. इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि निफाडच्या बाजूला त्याचा लहानसा हिस्सा. पूर्वेकडच्या मैदानाने पावसावर धुणीचा भरवसा ठेवू नये.

पाचवी पायरी: खताचा हिशेब

या पाण्यात नत्र आणि स्फुरद असतात. लिटरमागे १० मिलिग्रॅम नत्र असेल तर ७०० मिलिमीटर पाण्यातून हेक्टरी ७० किलो नत्र मिळते, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या तीन गोण्या भरून वर थोडे उरेल. माळ्याने जुन्या वेळापत्रकाने खत चालू ठेवले तर गवत लुसलुशीत वाढते, रोगाला बळी पडते आणि कापणीचा खर्च वाढतो. आधी पाण्यातले नत्र वजा करावे, मग उरलेलेच खत द्यावे.

सहावी पायरी: तळे, नळ आणि पाट्या

साठवण तळ्यात तीन दिवसांपेक्षा जास्त पाणी साठवू नये. स्फुरदयुक्त पाणी नाशिकच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात चार-पाच दिवस उभे राहिले की हिरवे होते, मग फिल्टर तुंबतात आणि डासही होतात. तळ्याला अस्तर, हवा खेळवणारे यंत्र आणि उतरती पाणीपातळी ठेवावी. तळ्यानंतर पुन्हा गाळण आणि हलका क्लोरीन डोस अनिवार्य समजावा.

नळजोडणीत तडजोड करू नये. प्रक्रिया केलेल्या पाण्याचे पाइप जांभळ्या रंगाचे असावेत, पिण्याच्या नळापासून आडवे तीन मीटर दूर आणि त्याच्या खालच्या पातळीवर असावेत. तळ्यात टंचाईच्या काळात चांगले पाणी सोडायचे झाल्यास पाइपचे तोंड पाण्याच्या सर्वोच्च पातळीपासून पाइपच्या व्यासाच्या दुप्पट उंचीवर मोकळे ठेवावे. केवळ झडप लावून ‘उलटे येणार नाही’ असे समजू नये, कारण झडपेत खडा अडकायला वेळ लागत नाही. वर्षातून एकदा पिण्याच्या पाण्याची मुख्य तोटी पूर्ण बंद करून सिंचनाचे पंप चालू करावेत आणि क्लब हाउसमधला प्रत्येक नळ उघडून पाहावा. एकाही नळातून धार आली तर कुठेतरी कुणीतरी दोन्ही वाहिन्या जोडल्या आहेत. हे बहुधा घाईत केलेल्या दुरुस्तीतून घडते, म्हणून प्लंबरला काम देण्यापूर्वी नकाशा हाती द्यावा.

‘हे पाणी पिण्यायोग्य नाही’ ही पाटी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत, सोबत फुली मारलेल्या पेल्याच्या चित्रासह, प्रत्येक तोटीजवळ लावावी. मैदानावरच्या तोट्या किल्लीनेच उघडतील अशा असाव्यात. हातपाय धुवायला आणि बाटली भरायला सोयीची वाटणारी तोटी उन्हात कुणीही वापरतो.

सातवी पायरी: पाणी देण्याची वेळ आणि शेजार

पाणी रात्री द्यावे आणि पहिला खेळाडू येण्याच्या किमान दोन तास आधी बंद करावे, म्हणजे पाते वाळलेले असते. उन्हाळ्यात हे सहज जमते. डिसेंबर-जानेवारीत, पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा, दव आणि मंद ऊन यांमुळे गवत उशिरापर्यंत ओले राहते आणि जंतूही थंडीत जास्त काळ टिकतात. हरळीची वाढ तेव्हा मंदावलेली असल्याने पाळ्या निम्म्यावर आणाव्यात आणि पाणी संध्याकाळीच द्यावे. वारा असताना तुषार बंद ठेवावेत, तोट्या कमी कोनाच्या आणि मोठ्या थेंबांच्या असाव्यात.

पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून तुषार किमान ३० मीटर लांब ठेवावेत. पिण्याच्या पाण्याचे ठिकाण आणि खाण्याचे टपरीवजा कट्टे यांवर फवारा पडता कामा नये. शेजारी द्राक्षबाग असेल तर अंतर आणखी वाढवावे. ऑक्टोबरच्या गोडी बहार छाटणीनंतर मार्चपर्यंत तिथे फळ असते, ते न शिजवता खाल्ले जाते आणि त्यातील बरेचसे परदेशी खरेदीदाराच्या तपासणीतून जाते. आपल्या फवाऱ्याचा तुषार त्या घडांवर पडला तर दोष आपलाच. बागमालकाला पाण्याविषयी आधी सांगून ठेवणे हा साधा शेजारधर्म आहे.

पावसाळ्यात सिंचन थांबते, केंद्राचे पाणी थांबत नाही. ते कुठे जाईल हे करारातच लिहावे आणि तळ्यात मुसळधार पावसासाठी जागा रिकामी ठेवावी, म्हणजे तळे भरून नाल्यावाटे नासर्डीत किंवा गोदावरीत वाहणार नाही.

माणसांची काळजी आणि नोंदवही

माळी, पंपचालक आणि कॅडी (खेळाडूंची पिशवी वाहणारे) यांचा या पाण्याशी खेळाडूंपेक्षा कितीतरी जास्त संबंध येतो. त्यांना गमबूट, हातमोजे आणि साबणासह वेगळा हात धुण्याचा नळ द्यावा, विषमज्वर आणि धनुर्वाताच्या लसींविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तळहातावर तंबाखू-चुना मळण्याची सवय हा इथला सर्वांत मोठा धोका आहे आणि कोणत्याही परदेशी पुस्तिकेत त्याचा उल्लेख सापडणार नाही. ओल्या हातांनी मळलेली तंबाखू सरळ तोंडात जाते. खेळाडूंनाही टी (चेंडू ठेवण्याची छोटी खुंटी) दातांत धरू नये, चेंडू थुंकीने पुसू नये, एवढे सांगावे आणि चेंडू धुण्याच्या डब्यांत पिण्यायोग्य पाणीच भरावे.

उरलेले क्लोरीन रोज, कोलिफॉर्म दर आठवड्याला, ईसी दर महिन्याला, सोडियम-कॅल्शियम-बायकार्बोनेट दर तीन महिन्यांनी आणि माती वर्षातून दोनदा, मे आणि ऑक्टोबरमध्ये, तपासावी. मातीचा नमुना दरवेळी त्याच जागेवरून घ्यावा, म्हणजे वर्षांची तुलना करता येते.

पंपघराच्या भिंतीवर एक तक्ता असावा आणि त्यावर पंप बंद करण्याचे अधिकार स्पष्ट लिहिलेले असावेत. क्लोरीन सापडत नाही, पाणी २ एनटीयूपेक्षा गढूळ आहे किंवा अहवालात विष्ठाजन्य कोलिफॉर्म आला, यांपैकी काहीही घडले तर रात्रपाळीच्या पंपचालकाने कुणाच्या परवानगीची वाट न पाहता मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा. हिरवळ दोन-तीन दिवस पाण्याविना काढते. ग्रीनपुरते पाणी लागलेच तर राखीव टाकीतले चांगले पाणी वापरावे, आणि लागोपाठ दोन नमुने स्वच्छ आल्यावरच व्हॉल्व्ह पुन्हा उघडून वेळ, कारण आणि सही नोंदवहीत करावी.